बॅक आउट, बॅक अप आणि कोल्हापूरचे दहा लाख शब्द

मागच्या शनिवारी शेलारला मामाकडे गेलो होतो. शेलार म्हणजे भिवंडीला लागून, वाड्याच्या रस्त्याला. ज्यांनी भिवंडी फक्त बायपासच्या ट्रॅफिकमधून बघितलीय त्यांच्यासाठी सांगतो, इथे गल्लीत उभं राहून बोलायचं तर ओरडावंच लागतं. चारी बाजूंनी सांच्यांचा खडखडाट. (यंत्रमागाला इकडे सांचा म्हणतात.) मामाने स्वतःचे सांचे केव्हाच विकले, गाळा भाड्याने दिलाय. पण मामी म्हणाली माळा आवरायचाय, म्हणून चढलो, आणि एका पत्र्याच्या पेटीत मामाची टेक्स्टाइल डिप्लोमाची वही सापडली. उंदरांनी कडा खाल्लेल्या, पण अक्षर मोत्यासारखं.

पहिल्याच पानावर मागाची आकृती आणि तीन शब्द अधोरेखित: लेट-ऑफ, टेक-अप, बीट-अप.

मागाच्या पाठीमागे ताण्याची बीम असते. कापड विणत जाईल तसा ताणा थोडा थोडा सुटत गेला पाहिजे. ते लेट-ऑफ. साध्या सांच्यावर बीमला साखळी किंवा दोर आणि वजन लावून हे सांभाळतात. पुढच्या बाजूला तयार कापड रुळावर गुंडाळलं जातं, ते टेक-अप. धोटा एकीकडून दुसरीकडे गेला की फणी येऊन नवा धागा कापडाला ठोकते, ते बीट-अप. सोडणं आणि गुंडाळणं यांचा मेळ बिघडला की कापडावर जाड-पातळ पट्टे येतात आणि व्यापारी भाव पाडतो. मामाने हे सगळं हातवारे करून सांगितलं.

गंमत बघा. बाहेरच्या इंग्रजीत ‘लेट ऑफ’ म्हणजे आरोपीला शिक्षा न करता सोडणं, ‘टेक अप’ म्हणजे नवा छंद किंवा काम हाती घेणं, आणि ‘बीट अप’ म्हणजे एखाद्याला बडवून काढणं. मामाला यातलं काही माहीत नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नाही. त्याच्यासाठी हे तीन शब्द म्हणजे तीन हालचाली. वही चाळता चाळता मला मात्र दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. ती आठवली की अजून पोटात खड्डा पडतो.

आमच्या टीममध्ये एक मुलगा होता, मराठवाड्यातला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. हुशार. एसक्यूएल त्याच्याइतकं स्वच्छ लिहिणारा मी पाहिला नाही. त्या संध्याकाळी आम्ही बिलिंगमधला एक बदल प्रॉडक्शनवर टाकला होता. रात्री अकराच्या सुमारास क्लायंटचं मेल आलं, एका ओळीचं: कृपया तो चेंज ‘बॅक आउट’ करा. म्हणजे मागे घ्या, आधी होतं तसं करा. पोराने वाचलं, त्याच्या डोक्यात ‘बॅकअप’ आलं. त्याने इमानेइतबारे पूर्ण डेटाबेसचा बॅकअप घेतला आणि ‘डन’ असं उत्तर पाठवलं. क्लायंट निवांत झोपला. मीही ते ‘डन’ मोबाईलवर वाचलं आणि झोपलो. रात्रभर चुकीची बिलं जात राहिली.

सकाळी जे व्हायचं ते झालं. मीटिंगा, खुलासे, माफीनामे. आणि वर्षाच्या शेवटी त्याच्या अप्रेझलवर शेरा आला की इंग्रजी कच्चं आहे. टीम लीड म्हणून त्याखाली सही माझी होती. ‘डन’ वाचून काय डन केलंस असं मीही विचारलं नव्हतं, हे मात्र कुठल्याच फॉर्मवर आलं नाही.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअर माणसाला बॅक आउट आणि बॅक अप यातला फरक कळू नये? मीही तेव्हा हेच म्हटलं होतं. पण नंतर शांतपणे विचार केला. बॅक म्हणजे मागे किंवा पाठ. आउट म्हणजे बाहेर. अप म्हणजे वर. ‘मागे बाहेर’ म्हणजे रद्द करणं आणि ‘मागे वर’ म्हणजे प्रत काढून ठेवणं, हे कुणाला आपोआप कसं कळावं? शब्द तिन्ही पाचवीतले. अर्थ एकाही शब्दात नाही, तो जोडीत आहे.

या दुखण्याचं निदान खूप जुनं आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की क्रियापदाला असं शेपूट लागून अर्थ बदलण्याचा प्रकार इंग्रजीत फार आहे, आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचाच. म्हणून त्याने या जोड्या मुद्दाम काळजीने टिपल्या. पण त्यांना धड नाव नव्हतं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे आज क्लासवाल्यांच्या बोर्डावर दिसणारं नाव रूढ झालं लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकामुळे, आणि त्यानेही श्रेय दिलंय ते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना. रोग सापडल्यावर बारसं व्हायला एकशे सत्तर वर्षं.

आपल्याला हा प्रकार परका वाटायचं खरं तर कारण नाही. शाळेत उपसर्ग शिकताना ‘हृ’ धातूचं उदाहरण असायचं, आठवतंय? आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एकच. पुढे काय लागलं यावर जेवायचं, फिरायचं की मारायचं ते ठरतं. आणि वेदांच्या भाषेत हा उपसर्ग धातूला चिकटलेला असलाच पाहिजे असं नव्हतं. तो मध्ये दुसरे शब्द टाकून लांब उभा राहू शकायचा, प्रसंगी धातूच्या मागूनही यायचा. पाणिनीने हे नियमात नोंदवून ठेवलंय. पुढच्या संस्कृतात तो धातूच्या पुढे कायमचा जोडला गेला. इंग्रजीची गाडी उलट दिशेने गेली. जुन्या इंग्रजीत उपसर्ग पुढे जोडलेले पुष्कळ होते, नंतर ते सुटून मागे आले आणि मोकळे झाले.

मराठीला उपसर्ग मिळाले ते तयार शब्दांना चिकटूनच. आपण ‘प्रहार करतो’, पण मराठी क्रियापदाला ‘प्र’ लावून नवीन क्रियापद काही बनवत नाही. आपण वेगळीच युक्ती काढली. क्रियापदाच्या मागे दुसरं क्रियापद लावलं. बोलणे घ्या. ‘बोलून टाकलं’ म्हणजे मनातलं एकदाचं बाहेर काढलं, मोकळं झालो. ‘बोलून गेला’ म्हणजे नकळत तोंडातून निघालं. ‘बोलून बसला’ म्हणजे आता निस्तरा. ‘बोलून दाखवलं’ म्हणजे मनात ठेवलं नाही, समोरच्याला ऐकवलं. ‘बोलून घेतलं’ म्हणजे काम उरकलं. ‘बोलून ठेवलंय’ म्हणजे वशिला लागलाय, काळजी नको :-) आता एखाद्या जर्मन माणसाला हे समजावून सांगा. बसण्याचा आणि पश्चात्तापाचा संबंध काय? टाकण्याचा आणि सुटकेचा? आपण कधी विचार करत नाही, कारण आपल्याला करावा लागत नाही. ‘ईट अप’ला मराठीत ‘वर खा’ म्हणत नाहीत, ‘खाऊन टाक’ म्हणतात. इंग्रजीतलं ‘अप’ आणि मराठीतलं ‘टाकणे’ एकच काम करतायत, संपवायचं.

हे जर पाचवीत कुणी सांगितलं असतं! आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. (पहिलीपासून सुरू झालं २००० साली.) शिकवायची रीत अशी की एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि पाठ करा. ‘गिव्ह अप’ सोडून देणे, ‘गिव्ह इन’ शरण जाणे. त्यात ‘सोडून देणे’मधलं ‘देणे’ तरी कुठे देण्याचं आहे, हे बाईंच्याही लक्षात आलं नसावं.

यात आपल्या व्याकरणाच्या इतिहासाचाही थोडा हात आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या साच्यावर. शब्दांच्या आठ जाती आपल्या डोक्यात बसल्या त्या तिथून. त्यामुळे झालं असं की प्रत्येक शब्दाला एक खण मिळाला, पण दोन शब्द मिळून तिसराच अर्थ देतात त्याला खण नव्हता. दादोबांना नावं ठेवत नाहीये, त्यांनी केलं तेवढं कुणी केलं? आणि एका बाबतीत मराठी लिहिण्याची पद्धत इंग्रजीपेक्षा फारच सोयीची आहे. ‘डोंगरावर चढला’मधलं ‘वर’ नामाला चिकटतं, ते शब्दयोगी. ‘वर चढला’मधलं ‘वर’ सुटं, ते क्रियाविशेषण. नुसतं मधली जागा बघून कळतं. इंग्रजीत ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही दोन वाक्यं अगदी सारखी दिसतात. पहिल्यात तो टेकडी चढला, तिथे अप टेकडीचा. दुसऱ्यात त्याने उधारी करून ठेवली, तिथे अप धावण्याचा. माणसाला कळतं. माझ्या प्रोग्रामला कसं कळावं?

इथे गोष्ट माझ्या धंद्यावर येते, आणि कोल्हापूरवर.

इंग्रजी क्रियापदांच्या मागे नक्की काय येतं, हे काटेकोरपणे तपासण्याची गरज लंडनमध्ये कुणाला फारशी भासली नाही. ती भासली परक्या मुलांना शिकवणाऱ्यांना. मायकेल वेस्ट ढाक्यात शिकवत होते. हॅरॉल्ड पामर १९२२ मध्ये तोक्योला गेले. ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये जपानला गेले आणि तिथल्या मुलांसाठी दोन सहकाऱ्यांबरोबर असा कोश बनवला की ज्यात अर्थाबरोबर क्रियापदाचा साचाही दिलेला होता, म्हणजे याच्या मागे कर्म येतं, की टू, की दॅट, की आणखी काही. असे पंचवीस साचे. युद्धामुळे हॉर्नबींना जपान सोडावं लागलं, कोश मात्र १९४२ साली तोक्योतच छापला गेला. १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला आणि पुढे जगभर गेला. आपल्या घराघरात असतो तो जाडजूड ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ हाच. मुखपृष्ठ झिजेपर्यंत वापरला, पण सुरुवातीच्या पानांवरचे ते साचे मी आयुष्यात कधी वाचले नाहीत. तुम्ही वाचलेत?

तरी हॉर्नबींची पद्धत म्हणजे जाणकाराने निरीक्षण करून ठरवायची. मोजायची नाही. संगणकावर मोजण्याचं काम सुरू झालं अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात. फ्रान्सिस आणि कुचेरा या दोघांनी १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून ५०० नमुने उचलले, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे. बातम्या, अग्रलेख, धर्म, छंद, सरकारी अहवाल, शास्त्रीय लेख, कादंबऱ्या, विनोद, सगळं ठरलेल्या प्रमाणात. एकूण दहा लाख शब्द, संगणकात. (दोन हजार शब्द म्हणजे साधारण हा लेख जेवढा आहे तेवढं. असे पाचशे, पंचकार्डांच्या जमान्यात.) मग लँकेस्टर, ओस्लो आणि बर्गेनवाल्यांनी त्याच मापाचा ब्रिटिश इंग्रजीचा संच केला, तोही १९६१ च्याच मजकुराचा. तो पूर्ण झाला १९७८ मध्ये.

आणि तिसरा? तिसऱ्या नंबरला आपलं कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी सी. टी. पाटीलकुलकर्णी आणि गीता शास्त्री यांच्या सोबतीने भारतीय इंग्रजीचा तसाच संच उभा केला. तेच ५०० नमुने, तेच दहा लाख शब्द, तेच पंधरा विभाग. १९८६ मध्ये तो तयार झाला. जगभर त्याचं नाव ‘कोल्हापूर कॉर्पस’. नॉर्वेतल्या बर्गेनहून त्याच्या प्रती सीडीवर जायच्या, तिथल्या संशोधकांच्या कपाटात ब्राउनच्या शेजारी कोल्हापूर! तांबडा-पांढरा आणि चपलांच्या पलीकडे कोल्हापूरचं हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मला स्वतःला कळलं ते एनएलपीचा एक ऑनलाइन कोर्स करताना, एका तळटीपेत.

शास्त्रींनी एक गोष्ट मुद्दाम वेगळी केली. ब्राउनसारखं १९६१ साल न घेता १९७८ सालचा मजकूर घेतला. स्वातंत्र्यानंतर तीसेक वर्षांत इथल्या इंग्रजीने आपली स्वतःची चाल धरली असणार, आणि तीच पकडायची होती. दुसरी गोष्ट नाइलाजाने वेगळी झाली. अमेरिकन मापाप्रमाणे विज्ञानकथा आणि साहसकथांचे नमुने हवे होते, पण भारतात इंग्रजीतून त्या वर्षी अशा गोष्टी लिहितंय कोण? त्या फारशा सापडल्या नाहीत, मग सर्वसाधारण कथा-कादंबऱ्या वाढवल्या. आमच्याकडे टेस्ट डेटा कमी पडला की हेच करतात.

या कामाचं मोठेपण कशात आहे ते सांगतो. तोपर्यंत भारतीय इंग्रजीवर लिहिणं म्हणजे ‘या चुका टाळा’ छापाची यादी. १९३० च्या दशकातलं रेन अँड मार्टिन घ्या, कुठल्या शब्दापुढे कुठलं प्रिपोझिशन येतं याच्या याद्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या घोकल्या. शास्त्रींनी चूक की बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवून आधी विचारलं, लोक काय लिहितात? किती वेळा? अमेरिकन आणि ब्रिटिश त्याच जागी किती वेळा काय लिहितात? तिन्ही संच एकाच मापाचे, त्यामुळे तुलना सरळ. दक्षिण आशियाई इंग्रजीवरच्या १९९६ सालच्या एका संग्रहात त्यांचा लेख आहे, तो नेमका याच विषयावर, की भारतीय इंग्रजीत क्रियापदांच्या मागे काय येतं. पुढे आंतरराष्ट्रीय इंग्रजी कॉर्पसचा भारतीय भाग झाला, त्यातही कोल्हापूर आणि शास्त्री होतेच, बर्लिनच्या गेरहार्ड लाइटनर यांच्याबरोबर. त्यात तर पाचशेतले तीनशे नमुने बोलण्याचे आहेत.

मोजलं की काय दिसतं याचा एक मासला देतो, कोल्हापूरचा नाही, बर्मिंगहॅमचा. जॉन सिंक्लेअर यांनी ‘सेट इन’ या जोडीची उदाहरणं संगणकातून काढून एकाखाली एक लावली. कशाचं ‘सेट इन’ होतं? कुजणं, निराशा, संसर्ग, वाईट हवामान. जवळजवळ सगळं नकोसंच. एखाद्या इंग्रज माणसाला विचारलं असतं तर त्याला हे बहुधा सांगता आलं नसतं. पण वापरताना तो चुकत नव्हता. आपणही ‘चटक लागली’, ‘कीड लागली’, ‘साडेसाती लागली’ म्हणतो, आणि ‘नोकरी लागली’सुद्धा म्हणतो, तो अपवाद धरायचा की नाही ते तुमच्या मॅनेजरवर अवलंबून आहे.

असो. आता ‘कोप अप विथ’ या आपल्या लाडक्या प्रयोगाकडे बघा. ब्रिटिश माणूस फक्त ‘कोप विथ’ म्हणतो. आपल्याकडे मेलामेलात ‘कोप अप विथ’ असतं आणि सॉफ्ट स्किलच्या ट्रेनिंगमध्ये त्यावर हशा होतो. पण हे आकाशातून पडलेलं नाही. ‘कॅच अप विथ’, ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’ ही सगळी अर्थाने शेजारची भावंडं. त्यांच्यात अप आहे, मग यालाच का नको? ‘डिस्कस अबाउट’चंही तेच. ‘टॉक अबाउट’ चालतं, ‘डिस्कशन अबाउट’ चालतं, तर क्रियापद झाल्यावरच अबाउट का गळावं? शिवाय मराठीत आपण ‘त्याविषयी चर्चा’ करतो. म्हणजे बोलणाऱ्याला नियम कळला नाही असं नाही, उलट त्याने नियम जरा जास्तच इमानदारीने पाळला. खुद्द इंग्लंड-अमेरिकेत ‘मीट’ पुरेसं असताना ‘मीट अप विथ’ म्हणतात, त्याला कुणी अप्रेझलमध्ये शेरा देत नाही. माझं मत असं, की क्लायंटला कळतंय तोवर ‘कोप अप’वर हसणं बंद करावं, आणि ‘बॅक आउट’सारखं जिथे खरंच घात होतो तिथे लक्ष द्यावं. या दोन गोष्टी एकाच ‘इंग्रजी कच्चं’ या खात्यात टाकणं हा आळस आहे. मी तो केलाय.

मराठी मात्र या जोड्यांशी आपल्या पद्धतीने वागते. ती आख्खी जोडी उचलते, तिचं नाम करते आणि मागे करणे, होणे, घेणे लावून मोकळी होते. लॉगइन कर, फॉलोअप घे, ब्रेकअप झाला, सेटअप लावून दे, पिकअप कमी झाला. कधी क्रियापद टाकून नुसतं शेपूट घेते. पंखा ऑफ कर, सर्व्हर डाउन आहे. मग तेच उलट इंग्रजीत जातं आणि कुणीतरी ‘ऑफ द फॅन’ म्हणतं. ‘बॅकअप’चं तर आपल्याकडे कधीच नाम झालंय, ‘बॅकअप घे’ हे आता मराठीच आहे. त्या रात्री त्या पोराला ‘बॅक’ दिसल्यावर डोक्यात मराठीतला हा तयार शब्द पुढे आला. ‘बॅक आउट’ तसं मराठीत कधी आलंच नव्हतं.

त्यानंतर मी आमच्या प्रोजेक्टच्या जुन्या मेलांवर एक छोटी स्क्रिप्ट चालवली. अप, आउट, डाउन, ऑफ, ओव्हर आणि त्यांच्या आधीचा शब्द, बस. ग्रेपच्या थोडं वर, सिंक्लेअरच्या खूप खाली. दिसलं ते असं की क्लायंटकडच्या मेलांत या जोड्या खच्चून भरलेल्या, आणि आमच्या मेलांत त्याच जागी ‘कॅन्सल’, ‘रिड्यूस’, ‘रिझ्यूम’, ‘इन्व्हेस्टिगेट’ असे एकेरी, पुस्तकी शब्द. म्हणजे आम्ही लिहायचं टाळत होतो, वाचायचं मात्र टळत नव्हतं. त्या यादीतल्या आमच्या कामात येणाऱ्या जोड्या काढून विकीवर टाकल्या, समोर मराठी अर्थ. ‘रोल आउट’, ‘रोल बॅक’, ‘फेल ओव्हर’, ‘फेज आउट’, ‘टर्न डाउन’, ‘बॅक आउट’. तेव्हा तो मुलगा दुसऱ्या कंपनीत गेलेला होता. त्याला लिंक पाठवली आणि सोबत, सही करताना माझंही ‘डन’ वाचून झोपणं त्यात लिहायला हवं होतं, असं लिहिलं. त्याने त्यावर काही म्हटलं नाही. यादीत ‘बॅक ऑफ’ राहिलंय, तेवढं टाका, असं उत्तर आलं.

टाकलं.

रविवारी निघताना मामाला विचारलं, वही मी घेऊन जाऊ का? तो म्हणाला, घेऊन जा, पण लेट-ऑफचं पान फाडून दे. खालच्या गाळ्यातल्या नवीन पोराला दाखवायचंय, वजन कुठे लावायचं त्याला कळत नाही. पान फाडलं नाही, मोबाईलवर फोटो काढून त्या पोराला पाठवला. त्याने फोटो बघितला, मागच्या बाजूला गेला आणि साखळीचं वजन एक खाच बाहेर सरकवलं.